डग्गा कुठे गेला?

गेल्या गणपतीत मी आजोबांना खूश करायला गेलो आणि उलटंच झालं.

आमच्या घरी माळ्यावर कॅसेटींचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातली एक कॅसेट आजोबांच्या जिवाची. १९८४ साली इथेच, इंदूरला, आमच्या ओसरीवर झालेली घरगुती बैठक. गाणारे त्यांचे गिरणीतले मित्र, तबल्यावर शेजारचे एक गृहस्थ, मागे तंबोरा. मी काय केलं, जुना टेपरेकॉर्डर लावला, समोर फोन धरला, व्हॉट्सअ‍ॅपचं माइकचं बटण दाबलं आणि अर्ध्या तासात गाणं फॅमिली ग्रुपवर. नागपूरच्या आत्यापासून बडोद्याच्या काकांपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. आजोबांनी फोन हातात घेऊन दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गाणं आहे रे. पण डग्गा कुठे गेला? आणि तंबोऱ्याच्या जागी ही माशी कोण घोंगावतेय?"

मी बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मला यायलाच हवं होतं. ते शोधता शोधता जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण आपल्या मंडळातले निम्मे लोक नाट्यगीतांपासून रॅपपर्यंत सगळं फोनवरच ऐकतात, आणि "आवाज चांगला नाही" म्हटलं की सरळ नवा फोन घ्यायच्या गोष्टी करतात. फोन बहुतेक वेळा निर्दोष असतो. फाइलपासून कानापर्यंतच्या वाटेवर आवाज चार-पाच ठिकाणी गळतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा गळत्या फुकटात बुजवता येतात.

आधी डग्ग्याचं बघू. डग्ग्याचा घुमारा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली असतो. इतका खालचा आवाज काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून तर मिरवणुकीतल्या डीजेचे स्पीकर कपाटाएवढे असतात. फोनमधल्या स्पीकरचा पडदा अंगठ्याच्या नखाएवढा. तीन-चारशे हर्ट्झच्या खाली त्याचा जीव संपत जातो. त्यामुळे फोनच्या स्पीकरवर तबल्याची चाट टणटणीत ऐकू येते आणि डग्गा नुसता नावाला उरतो.

यात एक गंमत आहे. पुरुष गायकाने काळी एकचा सा धरला, तर त्याचा खर्जातला सा सत्तर हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे उस्ताद अमीर खाँसाहेबांसारखा, आपल्याच गावात राहिलेला, मंद्र सप्तकात रमणारा गवई फोनच्या स्पीकरवर जवळजवळ मुका व्हायला पाहिजे. तसं होत नाही. कारण त्या स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे वरचे स्वर निघत असतात. ते ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर आपल्या मनाने भरून काढतो. स्वर कळतो, त्याचं वजन मात्र जातं. आजोबांचं "गाणं आहे रे, पण" हे त्यामुळेच होतं.

फोन स्टीलच्या पातेल्यात किंवा ग्लासात ठेवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. आवाज मोठा होतो, खरं आहे. पण पातेल्याला त्याचा स्वतःचा सूर असतो आणि तो प्रत्येक गाण्यात मिसळतो. भांडी घासताना ऐकायला ठीक, मारवा ऐकायला नाही. त्यापेक्षा फोनच्या स्पीकरची बाजू भिंतीकडे करून, टेबलावर, वीतभर अंतर सोडून ठेवून बघा. आणि हातात धरताना तळव्याने स्पीकरचं भोक झाकू नका. हे सांगायला हास्यास्पद वाटतं, पण मी स्वतः वर्षभर झाकत होतो.

आता तंबोरा. हे प्रकरण जरा खोल आहे.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. एमपी३ ही माहिती दहाव्या हिश्श्यावर आणते. ती कशी, तर कानाच्या एका खोडीचा फायदा घेऊन. मोठा आवाज चालू असताना त्याच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. झांज वाजली की त्या क्षणी शेजारची कुजबुज बुडते. मग ती कुजबुज साठवायचीच कशाला? टाकून द्या. हा हिशेब जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी बसवला. त्यांच्यातले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं चाचणीसाठी वापरलं होतं. त्यात एकही वाद्य नाही, फक्त एक बाईचा आवाज. बाकीचं संगीत ठीक वाजत होतं, आणि हा एकटा आवाज मात्र सुरुवातीच्या प्रयोगांत पार खराब होऊन निघाला. गर्दीत चोरी लपते, मोकळ्या मैदानात लपत नाही, तशी गत.

आपला तंबोरा म्हणजे असंच मोकळं मैदान. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात. जवारी लागली की एका तारेतून स्वरांची अख्खी जाळी उठते, पार वर काही हजार हर्ट्झपर्यंत, आणि ती सतत बदलत राहते. कमी किलोबिटची फाइल नेमकं हेच वरचं, बारीक, सतत हलणारं आधी कापते किंवा पाणी पाणी करून टाकते. ढोल-ताशा ९६ किलोबिटवर निभून जाईल. तंबोरा नाही निभत. म्हणून फाइल चांगली की वाईट हे तपासायचं असेल तर आलापीची पहिली दोन मिनिटं लावा. तंबोरा झळाळतोय की बुडबुड करतोय, एवढंच ऐका.

(जाता जाता: २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन गाणं शिकलेल्यांना आठवत असेल, तंबोरा गुरुजींकडे वाजायचा आणि शिष्याकडे पोचायचाच नाही. व्हिडिओ कॉलमधलं आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजतं आणि पुसून टाकतं. त्याला बिचाऱ्याला षड्ज काय माहीत! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की हे थांबतं.)

माझी चूक इथेच होती. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज हा बोलण्यासाठी बनवलेला आहे. "येताना कोथिंबीर आण" एवढं कळलं की त्याचं काम झालं. त्यात मी तंबोरा कोंबला, तोही खोलीतला पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि टेपरेकॉर्डरचा जुना स्पीकर यांच्यासकट.

तर फुकटातला पहिला उपाय. तुमच्या म्युझिक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑडिओ क्वालिटी' उघडा. बहुतेकांकडे ते 'ऑटो' किंवा 'डेटा सेव्हर'वर पडलेलं असतं. स्पॉटिफायमध्ये अगदी खालची पायरी २४ किलोबिटची आहे आणि 'व्हेरी हाय' ३२० ची. चोवीस आणि तीनशे वीस! हा फरक ऐकायला महागडे हेडफोन लागत नाहीत. मोबाइल डेटा वाचवायचा असेल तर आवडती गाणी घरच्या वायफायवर वरच्या क्वालिटीत डाउनलोड करून ठेवा. यूट्यूबवर ऐकणाऱ्यांसाठी एक खुलासा: व्हिडिओ १०८० वर नेला म्हणून गाणं सुधारेलच असं नाही, कारण चित्र आणि आवाज यांचे प्रवाह तिथे वेगवेगळे असतात. तिथे खरा फरक पडतो तो अपलोड करणाऱ्याने कुठून काय आणलंय यावर. एकच जुनी रेकॉर्ड पाच जणांनी चढवलेली असते. पाचही ऐका, एखादी एकदम उजेडात आल्यासारखी वाटेल.

आणि १२८ किलोबिटची फाइल कुठल्याशा वेबसाइटवरून ३२०ची करून घेणाऱ्या मित्रांनो, दुधात पाणी घालून ते मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दूध वाढत नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

'लॉसलेस' म्हणजे काहीही न टाकता केलेली घडी. अ‍ॅपल म्युझिकने ती २०२१ मध्ये जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. मी माझ्या मित्राला डोळे मिटायला लावून ३२० आणि लॉसलेस आलटून पालटून ऐकवलं, आवाजाची पातळी सारखी ठेवून. त्याला ओळखता आलं नाही. मग त्याने माझी परीक्षा घेतली. मलाही आलं नाही. जतन करायचं असेल तेव्हा लॉसलेसच घ्यावं, रोजच्या ऐकण्यात त्यापायी झोप घालवू नये, असं माझं मत. खालून वर चढताना पहिल्या पायऱ्यांचा फायदा मोठा असतो, वरच्यांचा कमी कमी होत जातो.

ब्लूटूथचं थोडक्यात सांगतो. फोन गाणं उलगडतो आणि हवेतून पाठवण्यासाठी पुन्हा एकदा दाबतो. या दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी सगळीकडे असतोच. आयफोन एएसी वापरतो. सोनीचा एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो फोन आणि हेडफोन दोघांनाही यायला हवा. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत हेडफोनच्या नावापुढचं चाक दाबून 'एचडी ऑडिओ' चालू आहे का ते बघा. दुसरं, गाणं एकदम टेलिफोनवरून आल्यासारखं झालं, तर घाबरू नका. एखाद्या गेमने किंवा कॉलने माइक घेतलाय. माइक सुरू झाला की ब्लूटूथ बोलण्याच्या मार्गावर जातं आणि गाण्याची गुणवत्ता धाडकन पडते. ते अ‍ॅप बंद केलं की सगळं जागेवर.

वायर असेल तर ही भानगडच नाही. पाचशे रुपयांचा वायरवाला आणि पाचशे रुपयांचाच ब्लूटूथवाला यांत मी डोळे झाकून पहिला घेईन. दुसऱ्यात त्याच पैशांत बॅटरी, रेडिओ, डबी, सगळं बसवलेलं असतं, मग आवाजाच्या वाट्याला काय उरणार? फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. ज्या अ‍ॅडॉप्टरमध्ये डॅक आहे असं लिहिलेलं असेल तोच घ्या. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप. ती नसलेला अ‍ॅडॉप्टर काही फोनवर मुळीच चालत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट: रबरी टोपी. इअरफोनच्या डबीत तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या येतात. मधली लावलेली असते, आणि आपण बाकीच्या दोन डबीतच ठेवून डबी कपाटात टाकतो. कानाच्या भोकात टोपी नीट बसली नाही, फट राहिली, की पहिला पळून जातो तो डग्गा. वरचा किणकिणाट तेवढा उरतो. मग आपण म्हणतो "बेस नाही" आणि आवाज वाढवतो. करून बघा: गाणं चालू असताना दोन्ही इअरफोन बोटांनी हळूच आत दाबा. घुमारा एकदम भरून आला तर तुमची टोपी लहान आहे. मोठी लावा. दोन कानांना दोन मापं लागली तरी नवल नाही, आपले कान सारखे नसतात. माझा डावा मोठा निघाला. आजीचं म्हणणं, लहानपणी पिळून पिळून झाला असेल.

एका बाजूचा आवाज कमी झाला असेल तर इअरफोन फेकण्याआधी त्याची जाळी उजेडात धरून बघा. मळ बसलेला असतो. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी नको, सुई तर नकोच.

इक्वलायझरबद्दल एकच सांगणं. बहुतेक जण सगळ्या दांड्या वर सरकवतात. त्याने आवाज फाटतो, कारण आकड्यांना वरची मर्यादा असते आणि तिच्या पलीकडची लाट सपाट कापली जाते. जे टोचतंय ते थोडं खाली करा, हवं ते आपोआप पुढे येतं. स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर आपण बाकीचे सगळे मसाले वाढवत बसत नाही.

आणि मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा कानाचा जुनाच भ्रम. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालचे स्वर खूपच कमी ऐकू येतात, मोठा केला की ते भरून येतात. म्हणून जेल रोडवर दोन हेडफोन लावून बघाल तेव्हा आधी दोन्हींची पातळी कानाने सारखी करा आणि मगच ठरवा. नाहीतर जो मोठ्याने ओरडतो तोच जिंकतो.

इथपर्यंत आलो आणि तयारीला लागलो. टेपरेकॉर्डरचा हेड इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला. काडी तपकिरी निघाली. इअरफोनच्या भोकातून वायर काढून यूएसबीच्या छोट्या साउंड कार्डमार्फत लॅपटॉपला दिली. मधे ना माइक, ना पंखा, ना रिक्षा. फाइल फ्लॅकमध्ये ठेवली आणि फोनवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, म्हणजे आहे तशीच गेली. कान झाकणारे, वायरचे हेडफोन मित्राकडून मागून आणले. मी आधी स्वतः ऐकलं. डग्गा होता. गायकाने सम गाठल्यावर कोणीतरी मांडीवर मारलेली थापसुद्धा होती. आणि मागे तंबोरा, तोच, झळाळणारा.

मग वाटेतली शेवटची जागा आली, जिचा मी विचारच केला नव्हता. कान.

आजोबा वीस-बावीस वर्षं कापड गिरणीत माग चालवायचे, गिरणी बंद पडेपर्यंत. मागखात्यात बोलून काही ऐकू जायचं नाही. माणसं ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलायची. कानात बोळे घालायची पद्धत नव्हती. आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या भागात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने जाणारं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातं. तिथे स, श, फ यांसारखी व्यंजनं असतात. आणि तंबोऱ्याची वरची जाळीही तिथेच असते. म्हणून आजोबांना "ऐकू येतं, पण कळत नाही." टीव्ही मोठा करूनही कळत नाही.

आपल्यापैकी कोणी मागावर काम करत नाही. पण सिटी बसमध्ये हॉर्नच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज शेवटच्या दांडीपर्यंत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. बसमध्ये रोज येऊन-जाऊन तास-दीड तास धरलात तर गुरुवारीच कोटा संपतो. इथे पुन्हा ती रबरी टोपी कामाला येते. ती घट्ट बसली की बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आणि आवाज चार-पाच घरं खाली आणूनही डग्गा तेवढाच भरदार लागतो. (रस्ता ओलांडताना मात्र काढा हं.) ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा सगळे कापसातून बोलताहेत असं वाटत असेल, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली असं समजायचं. हे वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जायचं.

आजोबांचीही तपासणी करून घेतली. त्या कागदावर कुठल्या पट्टीत किती उणं आहे याचा आलेख मिळतो. हल्ली काही फोनमध्ये तो आलेख घालता येतो, मग फोन तेवढी पट्टी तेवढीच उचलून देतो. आयफोनमध्ये ही सोय 'हेडफोन अ‍ॅकोमोडेशन्स' नावाने आहे, सॅमसंगमध्ये 'अ‍ॅडॅप्ट साउंड' नावाची मिळतीजुळती सोय आहे. आमच्या घरच्या फोनमध्ये नव्हती. मी इक्वलायझरने जमेल तसं केलं, म्हणजे खालचं थोडं उतरवलं आणि वरचं जरासंच उचललं.

रविवारी दुपारी त्यांना ओसरीवर बसवून हेडफोन घातले. विलंबित सुरू झाला. तिसऱ्या आवर्तनाला त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. "हा बघ, आला डग्गा," ते जरा मोठ्यानेच म्हणाले, हेडफोन घातल्यावर सगळेच बोलतात तसं. मग बराच वेळ काही नाही. डोळे मिटलेले. मग एक कान उघडा करून त्यांनी मला विचारलं,

"तंबोरा मला तितका लागत नाहीये. त्यात आहे ना तो?"

मी हेडफोन माझ्या कानाला लावून बघितलं. "आहे आजोबा. छान लागलाय."

"जवारी?"

"आहे."

"मग असू दे," ते म्हणाले आणि हेडफोन परत घातले. "ही झाली की दुसरी बाजू लाव."